पाळणे कुणाचे, जमीन कुणाची? अमेरिकेतल्या प्रादेशिक अम्युझमेंट पार्कांची गोष्ट

अमेरिकेतलं अम्युझमेंट पार्क म्हटलं की डिस्नेलँड आठवतं. पण त्या देशातल्या असंख्य कुटुंबांचा उन्हाळा वेगळ्याच पार्कांमध्ये जातो. तिथे कुणी विमानाने जात नाही, हॉटेलात मुक्काम करत नाही. सकाळी गाडी काढायची, दोन-तीन तासांत पोचायचं, दिवसभर राइड्समध्ये बसायचं आणि रात्री आपल्या घरी येऊन झोपायचं. धंद्याच्या भाषेत यांना रीजनल पार्क म्हणतात. गिऱ्हाईक सगळं पंचक्रोशीतलं, फक्त ही पंचक्रोशी दीड-दोनशे किलोमीटरपर्यंत पसरलेली. हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, आता ऑक्टोबरपर्यंत लांबलेला. आजीने ज्या रोलर कोस्टरवर किंकाळी फोडली त्याच कोस्टरवर नात किंकाळी फोडते, असं अशाच ठिकाणी घडतं.

या पार्कांचा इतिहास बहुतेक वेळा राइड्सच्या उंचीवरून सांगितला जातो. कोणता कोस्टर पहिला, कोणता सगळ्यांत उंच, कोणता सगळ्यांत वेगवान. ते रंजक आहेच. पण पार्कं का उघडली आणि का बंद पडली हे त्यावरून कळत नाही. ते कळायचं असेल तर दर टप्प्यावर दोन प्रश्न विचारावे लागतात: या मजेचे पैसे कोण घालतंय आणि कशासाठी? आणि पाळण्याखालची जमीन कुणाच्या नावावर आहे?

कोळशाची गाडी आणि पाच सेंटांची सफर

मूळ युरोपातलं आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ बाकेन नावाचं ठिकाण आहे. १५८३ मध्ये तिथल्या जंगलात एक झरा सापडला, त्याचं पाणी औषधी म्हणून लोक येऊ लागले, लोकांच्या मागे खेळवाले आणि खाद्यपदार्थ विकणारे आले. ते आजही चालू आहे आणि जगातलं सर्वांत जुनं अम्युझमेंट पार्क मानलं जातं. पुढे लंडनची व्हॉक्सहॉल बाग, १७६६ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुलं झालेलं व्हिएन्नाचं प्राटर, १८४३ मधलं कोपनहेगनचं तिवोली. घसरत जाण्याची हौस रशियातली. सेंट पीटर्सबर्गमध्ये हिवाळ्यात लाकडी सांगाड्यावर बर्फ गोठवून मोठाल्या घसरगुंड्या केल्या जात. १८१७ पर्यंत पॅरिसमध्ये त्यांची चाकांवर चालणारी आवृत्ती आली.

अमेरिकेत मात्र रोलर कोस्टरची सुरुवात एका खाणीच्या रेल्वेतून झाली. पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक या गावी १८२७ मध्ये डोंगरावरच्या खाणीतून कोळसा खाली आणायला रूळ टाकले गेले. भरलेल्या गाड्या उताराने आपोआप खाली घरंगळत. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं होती. उतरताना ही खेचरंसुद्धा एका डब्यात उभी राहून खाली येत. थोड्याच काळात लोक निव्वळ गंमत म्हणून त्या गाडीतून उतरायला पैसे देऊ लागले. पुढे कोळसा दुसऱ्या मार्गाने जायला लागला, तेव्हा ती रेल्वे पूर्णपणे पर्यटकांची झाली.

न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर लामार्कस थॉम्प्सन याने १८८४ मध्ये हीच कल्पना छोट्या प्रमाणात उभी केली. वेग ताशी सहा मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा जरासा जास्त. भाडं पाच सेंट. प्रवासी जिना चढून वर जात, बाकावर आडवे बसत, गाडी दुसऱ्या टोकाला पोचली की तिला परतीच्या रुळावर नेलं जाई. या साध्या गोष्टीवर लोकांच्या रांगा लागल्या.

मग १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन. जॉर्ज फेरिस या अभियंत्याने तिथे २६४ फूट उंचीचा आकाशपाळणा उभारला. त्याला ३६ डबे होते, प्रत्येकात ६० माणसं मावत. प्रदर्शनाच्या गंभीर दालनांपासून वेगळ्या ठेवलेल्या 'मिडवे' या पट्ट्यात सगळे खेळ, खाणंपिणं आणि हा पाळणा एकत्र होते. ते पाहून खेळ-तमाशाच्या धंद्यातल्या लोकांना रस्ता सापडला. कोनी आयलंडचा जॉर्ज टिल्यू मधुचंद्राला या प्रदर्शनात आला होता. त्याला तो पाळणाच विकत घ्यायचा होता. ते जमलं नाही, म्हणून त्याने लहान पाळणा बनवून घेतला आणि १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क सुरू केलं. त्याच्या दोन वर्षं आधी पॉल बॉयटन याने तिथेच सी लायन पार्क उघडलं होतं. त्याने चारही बाजूंनी कुंपण घातलं आणि आत शिरायचे पैसे घेतले. ही युक्ती पुढे सगळ्या धंद्याचा पाया झाली. १९०३ मध्ये लुना पार्क आणि १९०४ मध्ये ड्रीमलँड आलं. लाखो विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या या पार्कांची कीर्ती देशभर पोचली आणि गावोगावच्या लोकांना वाटायला लागलं की आपल्याकडेही असं काही हवं.

ट्राम कंपन्यांचा हिशोब

गावोगावी ते आलंही. पण ते आणलं ट्राम कंपन्यांनी. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

१८८८ मध्ये फ्रँक स्प्रेग याने व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात विजेच्या ट्रामचं मोठं जाळं यशस्वीपणे चालवून दाखवलं. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतल्या शहराशहरांत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या आल्या. या कंपन्यांपुढे एक अडचण होती. सोमवार ते शनिवार कामगार, कारकून, दुकानदार यांनी गाड्या भरून जात. रविवारी आणि संध्याकाळी डबे ओस. पण खर्च काही रविवारी थांबत नव्हता. रूळ टाकायला काढलेल्या कर्जाचं व्याज चालू, वीज अनेकदा महिन्याच्या ठोक दराने घेतलेली, डबे घेतलेले, माणसं नेमलेली. थोडक्यात, रविवारी एक माणूस जास्त बसवायला कंपनीला जवळपास काहीच खर्च येत नव्हता. त्याने दिलेले पाच सेंट म्हणजे जवळजवळ निव्वळ नफा.

मग रविवारी माणसाने ट्राममध्ये बसावं कशासाठी? त्यासाठी मार्गाच्या शेवटच्या टोकाला काहीतरी ठेवायचं. शहराबाहेर जमीन स्वस्त होती. तळ्याकाठी किंवा नदीकाठी झाडी असलेला एक तुकडा घ्यायचा, बसायला बाकं टाकायची, बँडसाठी मंडप, नाचायला एक सभागृह, नावा, एक मेरी-गो-राउंड. बाग फुकट ठेवली तरी चालेल, कारण पैसे ट्रामच्या भाड्यात मिळतातच, आणि तेही जाता-येता दोनदा. या जागांना ट्रॉली पार्क म्हणत. म्हणजे पार्क हा धंदा नव्हताच. धंदा वाहतुकीचा होता, पार्क हे त्याचं आमिष.

पिट्सबर्गजवळचं केनीवूड याचं उत्तम उदाहरण. केनी नावाच्या शेतकरी कुटुंबाच्या मळ्यात झाडांखाली लोक आधीपासूनच सहलीला येत. १८९८ मध्ये मोनोंगाहेला स्ट्रीट रेल्वे कंपनीने ती जागा भाड्याने घेतली. ही कंपनी बँकर अँड्र्यू मेलन याच्या गोतावळ्यातली. जागा नदीवरच्या उंच कड्यावर, समोर पोलादाचे कारखाने. आठवडाभर भट्टीसमोर राबलेला कामगार रविवारी बायकामुलांना घेऊन त्याच कंपनीच्या ट्रामने इथे येई. पार्क चालवणं हे काही आपलं काम नाही हे ट्राम कंपनीच्या लवकरच लक्षात आलं. १९०६ मध्ये तिने ते अँड्र्यू मॅक्स्विगन आणि फ्रेडरिक हेनिंगर यांच्याकडे सोपवलं. त्यांच्या घराण्यांनी पुढे शंभर वर्षं ते चालवलं.

केनीवूडला गर्दी कशी जमायची हेही पाहण्यासारखं आहे. एकेकटं गिऱ्हाईक शोधत बसण्यापेक्षा त्यांनी समूहच बोलावले. कारखान्यांच्या सहली, शाळांच्या सहली, चर्चच्या सहली. शिवाय पोलाद कारखान्यांत पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेले लोक होते, त्यांच्यासाठी एकेक दिवस ठरवलेला: स्लोव्हाक लोकांचा दिवस, इटालियन लोकांचा, क्रोएशियन लोकांचा. त्या दिवशी पार्कात त्यांची गाणी, त्यांचे नाच, त्यांची भाषा. वर्षभर विखुरलेले नातेवाईक तिथे हमखास भेटत. आपल्या गावाशी असं नातं जोडलेलं पार्क सहजासहजी मरत नाही. केनीवूड टिकलं यामागे हेही एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

१९१९ च्या सुमारास अमेरिकेत अशी दीड हजारांहून जास्त पार्कं होती असा अंदाज आहे. जवळपास प्रत्येक मध्यम शहराला आपलं एक.

उसळत्या गाडीला रुळाशी धरून ठेवणारं चाक

याच सुमारास कोस्टर बदलले, आणि त्याला कारण ठरलं एक छोटंसं चाक. सुरुवातीचे कोस्टर रुळावर नुसते ठेवलेले असत. उंचवट्यावरून वेगाने गेलं तर गाडी रूळ सोडून उडण्याची भीती, म्हणून सगळे चढउतार बेताचे. जॉन मिलर या अभियंत्याने १९१९ मध्ये एका रचनेचं पेटंट घेतलं. गाडीला रुळाच्या वर चाकं होतीच, त्याने रुळाच्या खालूनही चाकं बसवली. आता रूळ दोन्हीकडून धरलेला. गाडी कितीही उसळली तरी सुटणार नाही. त्या दिवसापासून तीव्र उतार, तीक्ष्ण वळणं, माणसाला बाकावरून उचलून हवेत धरणारे उंचवटे, सगळं शक्य झालं. आजच्या चारशे फुटी पोलादी कोस्टरांनाही खालची चाकं असतात.

केनीवूडमध्ये मिलरचा १९२० सालचा जॅक रॅबिट अजून चालू आहे. त्याचा सांगाडा जेमतेम ४० फूट उंच आहे, पण सर्वांत मोठा उतार ७० फुटांचा. हे कसं? पार्कात एक घळ होती. मिलरने ती बुजवली नाही, गाडीच तिच्यात सोडली. वर लाकूड कमी लागलं आणि खाली खोली फुकट मिळाली. शेवटच्या उतारात मधेच एक सपाट टप्पा आहे आणि लगेच पुन्हा उतार. गाडी खाली वळते, प्रवाशाचं शरीर मात्र क्षणभर सरळच जात राहतं, आणि माणूस बाकावरून वर उचलला जातो. शंभर वर्षांपूर्वीची ही करामत आजही तितकीच काम करते, कारण ती वेगावर नाही, उताराच्या आकारावर उभी आहे.

फाटकं बंद झाली, आणि काही जणांसाठी ती कधी उघडलीच नव्हती

१९२० च्या दशकात कोस्टरांची चंगळ होती, पण पायाखालची वाळू सरकत होती. लोकांकडे मोटारी आल्या. मोटार आली की ट्राम ओस, ट्राम ओस पडली की तिच्या मालकाला पार्क पोसण्यात रस नाही. शिवाय ट्रामच्या टोकाशी वसलेल्या पार्काला गाड्या लावायला जागा कुठून असणार? त्यातच १९२९ ची महामंदी. १९३५ पर्यंत पार्कांची संख्या चारशेच्या आसपास आली. दुसऱ्या महायुद्धात लाकूड, पोलाद, रबर, पेट्रोल या सगळ्यांवर निर्बंध आले. आगी तर पाचवीलाच पुजलेल्या: सगळं लाकडाचं, रंगवलेलं, डांबर फासलेलं. ड्रीमलँड १९११ मध्ये जळालं, लुना पार्क १९४४ मध्ये.

या काळाच्या आठवणी अमेरिकेत फार हळवेपणाने सांगितल्या जातात. सगळं गाव जायचं, असं म्हटलं जातं. पण सगळं गाव जात नव्हतं. देशभरातल्या अनेक पार्कांत काळ्या लोकांना प्रवेशच नव्हता, किंवा हंगामातला एखादाच दिवस होता. दक्षिणेतच नव्हे, उत्तरेतही. क्लीव्हलँडच्या युक्लिड बीच पार्कात १९४६ मध्ये यावरून आंदोलन झालं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात एक प्रसंग आहे. टीव्हीवर फनटाउन या पार्काची जाहिरात पाहून त्यांची सहा वर्षांची मुलगी विचारते, आपण तिथे का जाऊ शकत नाही? आणि बापाला उत्तर देताना शब्द सापडत नाहीत. अन्यायाची एवढी मोठी गोष्ट सांगताना त्यांना एका पार्काचं उदाहरण घ्यावंसं वाटलं, यावरून ती बंद फाटकं मुलांच्या मनावर काय करत होती हे कळतं.

वॉशिंग्टन शहराला लागून मेरीलँडमध्ये ग्लेन एको पार्क होतं, तेही ट्राम कंपनीच्या हातून वाढलेलं. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड या प्रामुख्याने काळ्या लोकांच्या विद्यापीठाचे विद्यार्थी तिथे निदर्शनं करायला गेले. काही जण आत शिरून १९२१ साली बनवलेल्या लाकडी घोड्यांच्या मेरी-गो-राउंडवर बसले. तिकिटं त्यांच्याकडे होती, त्यांच्या गोऱ्या साथीदारांनी काढून दिलेली. पार्काच्या रखवालदाराने त्यांना उतरायला सांगितलं, ते उतरले नाहीत, आणि पाच जणांना अटक झाली. पुढे सगळा उन्हाळा फाटकाबाहेर निदर्शनं चालली. आजूबाजूच्या वस्तीतले गोरे रहिवासीही त्यांत उतरले. १९६१ च्या हंगामात पार्क सर्वांसाठी खुलं झालं. अटकेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६४ मध्ये ती शिक्षा रद्द झाली, कारण तो रखवालदार सरकारी अधिकार वापरत होता, आणि सरकारला असा भेदभाव करता येत नाही. ते मेरी-गो-राउंड आजही त्याच जागी आहे.

बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक पार्कातही अनेक वर्षं आंदोलनं झाली, शेकडो लोकांना अटक झाली. २८ ऑगस्ट १९६३ ला, वॉशिंग्टनचा नागरी हक्कांसाठीचा प्रसिद्ध मोर्चा निघाला त्याच दिवशी, त्याचं फाटक काळ्या कुटुंबांसाठी उघडलं. पोहण्याचे तलाव तर देशात सर्वत्रच शेवटी उघडले गेले. कित्येक ठिकाणी सर्वांना घेण्यापेक्षा तलावच बंद करणं मालकांनी पसंत केलं. साठच्या दशकात जुनी पार्कं बंद पडली त्याची कारणं सांगताना मोटारी आणि टीव्ही यांचं नाव घेतलं जातं. ते खरं आहे, पण पार्क सर्वांसाठी खुलं झाल्यावर तिथे जाणं सोडलेली गोरी गिऱ्हाइकं हेही एक कारण होतं, आणि ते टाळून हा इतिहास सांगणं मला पटत नाही.

मोटारीसाठी बांधलेलं पार्क

१७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. संत्र्यांच्या बागा तोडून, नव्या महामार्गालगत, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून. गाड्या लावायला भरपूर जागा, चारही बाजूंनी बंदिस्त, आतल्या प्रत्येक भागाला एकेक विषय. लगेच इतरांनी नक्कल करायचा प्रयत्न केला आणि हात पोळून घेतले. न्यूयॉर्कमध्ये १९६० साली उघडलेलं फ्रीडमलँड १९६४ मध्ये बंद झालं. मग असं वाटायला लागलं की हे फक्त डिस्नेलाच जमतं.

तो समज टेक्सासमध्ये मोडला. अँगस विन ज्युनियर हा जमिनीचा विकासक. डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन शहरांच्या मधोमध आर्लिंग्टनला त्याची औद्योगिक वसाहत उभी राहत होती. सगळी जमीन विकली जाईपर्यंत त्यातल्या एका भागातून काही उत्पन्न निघावं म्हणून त्याने पार्काचा घाट घातला. ५ ऑगस्ट १९६१ ला सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सास उघडलं. टेक्सासवर ज्या सहा राजवटींचे झेंडे फडकले त्यांवरून ते नाव. पुढे जमीन विकून पार्क मोडायचं होतं, पण गल्ला इतका भरला की तो विचार मागे पडला.

तिथे दोन गोष्टी घट्ट झाल्या. पहिली, एकच तिकीट. मोठ्यांसाठी २ डॉलर ७५ सेंट, आणि त्यात सगळ्या राइड्स. तोवर बहुतेक ठिकाणी दर राइडला वेगळे पैसे होते. एकच तिकीट म्हटल्यावर गावातली टवाळ पोरं उगाच आत येऊन रेंगाळेनाशी झाली आणि आलेलं कुटुंब दिवसभर थांबायला लागलं. दिवसभर थांबणारं कुटुंब दोनदा तरी खातंच. दुसरी गोष्ट, आसपासच्या प्रदेशाचा इतिहास हाच विषय. १९६३ मध्ये अ‍ॅरो या कंपनीने तिथे पाण्याच्या पन्हाळीतून ओंडक्यासारखी नाव नेणारी राइड बसवली. ओंडके असे वाहून नेणं हे मूळचं लाकूडतोडीच्या धंद्यातलं काम. खाणीसारखीच तीही मेहनतीची वाट गंमतीची झाली.

मग रांगच लागली. अटलांटा, सेंट लुईस, सिनसिनाटी, शार्लट, कॅन्सस सिटी, रिचमंडजवळ, शिकागोजवळ. प्रत्येक मोठ्या वस्तीला महामार्गालगतचं एक. पैसे घालणाऱ्या कंपन्या बघा: हॉटेलवाली मॅरियट, टीव्ही केंद्रं चालवणारी टॅफ्ट, बिअरवाली अनहायझर-बुश. सिक्स फ्लॅग्ज तर काही काळ पेन सेंट्रल या रेल्वे कंपनीच्या ताब्यात होतं. सिनसिनाटीची गोष्ट बोलकी आहे. तिथलं ओहायो नदीकाठचं, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचंच नाव लावणारं जुनं पार्क वारंवार पुरात जाई. टॅफ्टने ते विकत घेतलं, त्यातल्या बऱ्याच राइड्स उचलल्या आणि १९७२ मध्ये उंचावर महामार्गाशेजारी किंग्ज आयलंड उभं केलं. कोस्टर रचणाऱ्या जॉन अ‍ॅलनने तिथे रेसर नावाचा जुन्या पद्धतीचा लाकडी कोस्टर बांधला आणि मरणपंथाला लागलेली ती कला परत उभी राहिली.

पोलादी कोस्टर डिस्नेलँडच्या १९५९ मधल्या मॅटरहॉर्नपासून आले. नळीच्या आकाराचा रूळ हवा तसा वाकवता येतो, म्हणून उलटंपालटं होणं शक्य झालं. १८९५ मध्येही गोल फेरी मारणारा कोस्टर होता, पण त्याचा फेरा अचूक वर्तुळाकार असल्याने आत शिरताना मानेला जबर हिसका बसे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कात अश्रूच्या थेंबासारखा, खाली रुंद आणि वर अरुंद फेरा आला, आणि तो हिसका गेला. त्यानंतरची उंचीची चढाओढ थोडक्यात सांगतो: ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्काने १९८९ मध्ये २०० फूट ओलांडले, २००० मध्ये ३०० आणि २००३ मध्ये ४००.

शेवटी जमिनीचा भाव

नवं पार्क आलं तशी जुनी गेली. शिकागोचं रिव्हरव्ह्यू १९६७ मध्ये, युक्लिड बीच १९६९ मध्ये, न्यू जर्सीचं पॅलिसेड्स १९७१ मध्ये. स्वस्त म्हणून घेतलेली शहराबाहेरची जमीन आता शहराच्या पोटात आली होती. पॅलिसेड्सच्या जागी उंच इमारती आल्या.

काही पार्कं गावाबरोबर गेली. ओहायोतलं यंग्सटाउन हे पोलादाचं गाव आणि आयडोरा पार्क ही त्याची १८९९ पासूनची सहलीची जागा. सप्टेंबर १९७७ मध्ये तिथला मोठा कारखाना बंद झाल्याची घोषणा झाली, पाठोपाठ इतरही गेले. कारखाना नाही तर कारखान्याची सहल कुठून येणार? एप्रिल १९८४ मध्ये आग लागून त्यांचा प्रसिद्ध वाइल्डकॅट कोस्टर जळाला. दुरुस्तीला पैसे नव्हते. तो हंगाम कसाबसा काढून पार्क बंद झालं. त्यांचं १९२२ चं मेरी-गो-राउंड लिलावात गेलं. ते आता न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या नदीकाठी चालतं.

आज या धंद्याचा कणा आहे सीझन पास. एका दिवसाच्या तिकिटात थोडी भर घातली की वर्षभर कितीही वेळा या. वरवर हा आतबट्ट्याचा व्यवहार दिसतो, पण तसा तो नाही. पास आधीच्या शरद ऋतूपासून विकले जातात, म्हणजे बंद हिवाळ्यात हातात रोकड येते. पावसाने एखादा शनिवार बुडाला तरी पासाचे पैसे आलेलेच असतात. आणि पासवाला दर वेळी गाडी लावायचे आणि खाण्याचे पैसे देतो, सोबत एखादा विनापास मित्र आणतो. ट्राम कंपनीचा रविवारचा हिशोब आठवून पाहा, तर्क तोच आहे: खर्च आधीच झालेला, एक माणूस जास्त आला तर फायदाच.

पण मालक दूरचा आणि कर्ज मोठं असलं की निर्णय ताळेबंद पाहून होतात. ओहायोतल्याच गिआगा लेकचं काय झालं पाहा. एकोणिसाव्या शतकापासूनची तळ्याकाठची सहलीची जागा. सिक्स फ्लॅग्जने शेजारचं सीवर्ल्ड हे सागरी प्राण्यांचं पार्क त्यात जोडून त्याचं अवाढव्य पार्क केलं. ते झेपलं नाही, म्हणून २००४ मध्ये सीडर फेअर कंपनीला १४ कोटी ५० लाख डॉलरला विकलं. सीडर फेअरचं स्वतःचं सीडर पॉइंट त्याच राज्यात, फार दूर नाही. एकाच मालकाला एकाच पंचक्रोशीत दोन पार्कं कशाला? २००७ च्या हंगामानंतर गिआगा लेकच्या राइड्स बंद करून टाकल्या.

ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड तर चालू असताना जमिनीसाठी मोडलं. कर्जात बुडालेल्या सिक्स फ्लॅग्जला वाटलं जमिनीला घसघशीत भाव येईल. २००५ मध्ये पार्क बंद केलं, पाडलं, आणि जमिनीचे आले ७ कोटी ७० लाख डॉलर, अपेक्षेपेक्षा खूपच कमी. त्यानंतर वर्षानुवर्षं ती जागा रिकामीच पडून राहिली. चार वर्षांनी, २००९ मध्ये, कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. १ जुलै २०२४ ला सिक्स फ्लॅग्ज आणि सीडर फेअर एकत्र आल्या. त्यांच्याकडे मिळून २७ अम्युझमेंट पार्कं आणि १५ वॉटर पार्कं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मेरीलँडचं सिक्स फ्लॅग्ज अमेरिका बंद झालं. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथल्या ग्रेट अमेरिकाखालची जमीन तर २०२२ मध्येच गोदामं बांधणाऱ्या प्रोलॉजिस कंपनीला ३१ कोटी डॉलरला विकली गेली आहे. सिलिकॉन व्हॅलीतल्या जमिनीवर कोस्टर ठेवणं हिशोबात बसत नाही.

ज्यांनी जमीन सोडली नाही

आता नोबल्स. पेनसिल्व्हेनियात एलिझबर्गजवळच्या जंगलात नोबल कुटुंबाचा लाकडाचा धंदा. त्यांच्या ओढ्याकाठी लोक डुंबायला यायचे. १९२६ मध्ये त्यांनी तिथे पोहण्याचा तलाव बांधला, मग एकेक राइड आणली. आजही फाटकावर पैसे घेत नाहीत, गाडी लावायचे घेत नाहीत. ज्या राइडमध्ये बसाल तिचं तिकीट काढा. आजोबांना नुसतं झाडाखाली बाकावर बसून नातवंडांना पाहायचं असेल तर एक पैसाही लागत नाही. एकाच तिकिटाच्या जमान्यात ही पद्धत जुनाट समजली जाते. मला ती सर्वांत माणुसकीची वाटते.

सॅन अँटोनियोमध्ये प्लेलँड पार्क १९८० साली बंद पडलं आणि तिथला १९४७ चा रॉकेट हा लाकडी कोस्टर नुसताच उभा होता. नोबल्सच्या लोकांनी तो विकत घ्यायचं ठरवलं. एवढा मोठा लाकडी कोस्टर उचलून अर्ध्या देशापलीकडे न्यायचा म्हणजे काय! मूळ नकाशे हाताशी नव्हते. म्हणून सांगाडा उतरवताना लाकडांवर क्रमांक टाकत गेले, कुठली फळी कुठल्या खांबाला जोडलेली होती याची नोंद ठेवली, आणि ट्रकांतून सगळं पेनसिल्व्हेनियात आणून १९८५ मध्ये पुन्हा उभं केलं. नाव ठेवलं फीनिक्स. लाकडी कोस्टरच्या जाणकारांना आवडता कोस्टर विचारला तर आजही फीनिक्सचं नाव हमखास येतं. लाकूड ओळखणारं घराणं होतं म्हणून हे जमलं, आणि कोणत्याही भागधारकाला उत्तर द्यायचं नव्हतं म्हणूनही.

आणखीही वाटा आहेत. न्यूयॉर्क राज्यातलं राय इथलं प्लेलँड १९२८ मध्ये वेस्टचेस्टर काउंटीने, म्हणजे स्थानिक सरकारनेच बांधलं, आणि जमीन अजून काउंटीच्या नावावर आहे. आयोवातलं अरनॉल्ड्स पार्क १९९९ मध्ये विकासकाच्या हाती जाणार होतं. तेव्हा परिसरातल्या लोकांनी निधी उभा करून ते वाचवलं. केनीवूड १९८७ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. दोन घराण्यांनी २००७ मध्ये ते विकलं, स्पेनमधल्या एका कंपनीला, आणि २०२५ मध्ये ते हर्शेंड या अमेरिकी घराण्याच्या कंपनीकडे आलं. जॅक रॅबिट, १९२४ सालच्या पिपिन या कोस्टरपासून बनलेला थंडरबोल्ट आणि १९२७ चा केनीवूडचा रेसर, हे तिन्ही कोस्टर या सगळ्या मालकांच्या काळात चालूच राहिले. रेसरचा रूळ एकच आहे, स्वतःभोवती वळवलेला: डावीकडून निघालेली गाडी उजवीकडे परत येते. शर्यत लावणाऱ्या दोन गाड्यांतल्या पोरांना हे पहिल्यांदा कळतं तेव्हा ती लगेच पुन्हा रांगेत जाऊन उभी राहतात.